सायलेन्सर कुणी बसवायचा?

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याची गाडी जॅकवरून खाली आली. भाचा त्या वेळी गाडीखाली नव्हता. आपाने चहासाठी तिसऱ्यांदा हाक मारली होती आणि या वेळी आवाजात चीड होती, म्हणून तो कुरकुरत उठून ओट्यावर गेला होता. कप तोंडाला लावतोय तोच मागे धप्प असा आवाज झाला. गाडी मागून एका बाजूला बसली होती आणि जॅक काळ्या मातीत तिरका रुतला होता.

मी तिथेच होतो. त्याला पाने काढून देत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच शहाणपणाच्या गोष्टी लिहिणार आहे आणि त्या कुठल्या माणसाच्या आहेत हे वाचणाऱ्याला ठाऊक असावं. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत मी २२ वर्षं मेंटेनन्सला काढली. वेल्डिंग करायचं असेल तर आधी परमिट भरायचं, आजूबाजूला जळण्यासारखं काय आहे ते पाहायचं, आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवायचा. मशीन उघडायचं असेल तर मेन स्विचला कुलूप लावून किल्ली आपल्या खिशात ठेवायची. नव्या पोरांना हे मीच शिकवत होतो. भाचाही कंपनीत आहे, कंत्राटी, शिफ्टवर. सेफ्टी शूज नसतील तर त्याला गेटच्या आत घेत नाहीत. आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं मामू-भाचे रबरी चपला घालून नऊशे किलोंच्या आसपासची गाडी अंगणातल्या ओल्या मातीवर उचलून बसलो होतो. चिकलठाण्याच्या नावातच चिखल आहे, असा विनोद आम्ही लहानपणापासून करतो. तो त्या दिवशी कुणालाच सुचला नाही.

मुळात सायलेन्सर बदलायची वेळ का आली, तेही बघण्यासारखं आहे. गाडी जुनी घेतलेली पेट्रोल स्विफ्ट. घर ते कंपनी चार किलोमीटर, तेवढीच तिची रोजची धाव. लोकांना वाटतं की सायलेन्सर बाहेरच्या पावसाने, चिखलाने गंजतो. तसा तो गंजतोच, पण त्याचा खरा शत्रू आत असतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं. ते वाफ होऊन धुरासोबत बाहेर पडायला हवं. लांबचा प्रवास असेल, तर पाईप चांगला तापतो आणि वाफ निघून जाते. चार किलोमीटरमध्ये इंजिन जेमतेम गरम होतं, मागचा डबा थंडच राहतो आणि पाणी त्याच्या पोटात साचतं. इंजिनपासून सगळ्यात लांब आणि सगळ्यात थंड तोच, म्हणून आधी तोच सडतो. जालना रोडवर सकाळी सिग्नलला थांबलात तर पुढच्या गाडीच्या नळीतून टपटप पाणी पडताना दिसेल. ते गाडी बिघडल्याचं लक्षण नाही. पण ज्याची गाडी रोज घर ते कंपनी एवढीच चालते, त्याने वर्षातून एकदा वाकून मागचा डबा पाहावा.

भाच्याच्या डब्याला खालून बोटभर भोक पडलं होतं. कंपनीच्या मूळ पार्टची किंमत ऐकून त्याने मोबाईलवर शोधाशोध केली आणि साडेचार हजारांचा चकचकीत स्टीलचा डबा मागवला. बसवायचे व्हिडिओही पाहिले. त्या व्हिडिओंतली गाडी नेहमी स्वच्छ असते, फरशी सपाट असते आणि बोल्ट पहिल्याच झटक्यात सुटतात. मला म्हणाला, "मामू, चार बोल्ट आहेत. गॅरेजवाल्याला पंधराशे कशाला द्यायचे?"

प्रश्न चुकीचा नव्हता. आमच्या शहराला हा प्रश्न शोभतोच. वाळूजला बजाजचा कारखाना, शेंद्र्याला स्कोडाचा, त्यांना सुटे भाग देणारे छोटे-मोठे वर्कशॉप चिकलठाण्यापासून चितेगावपर्यंत. इथल्या दर दुसऱ्या घरात कुणीतरी फिटर आहे, टर्नर आहे, आयटीआय केलेला आहे. पाना कसा धरायचा हे आम्हाला परक्या माणसाने शिकवायची गरज नाही. त्यामुळे 'घरी करू नका' असा सरसकट उपदेश मी करणार नाही, केला तरी कुणी ऐकणार नाही. पण पाना धरता येणं आणि गाडीखाली शिरता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आम्ही त्या एकच समजलो.

त्या दिवशी आमच्या नेमक्या किती चुका झाल्या, ते मी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मोजलं. गाडीसोबत येणारा कात्री जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्यावर गाडी पेलून खाली काम करायचं नसतं, त्यासाठी लोखंडी घोडे वेगळे मिळतात. जॅकखाली जाड फळी घातली नव्हती, म्हणून त्याचा छोटासा तळ मातीत घुसत गेला. हँडब्रेक ओढलेला होता आणि त्याच्या भरवशावर आम्ही निर्धास्त होतो. पण हँडब्रेक धरतो मागच्या चाकांना, आणि मागचं एक चाक तर आम्हीच हवेत उचललं होतं. म्हणजे गाडीला धरून ठेवणारं एकच चाक जमिनीवर उरलं. पुढच्या चाकांना दगड लावले नव्हते. स्टेपनी काढून गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवली असती, तर जॅक सुटला तरी गाडी तिच्यावर टेकली असती. फुकटातली गोष्ट. स्टेपनी डिकीत होती.

त्यात भाच्याने गाडी हलवली होती. गंजलेला बोल्ट सुटेना म्हणून पान्याला पाईप लावून झटके दिले होते. एक बोल्ट सुटला नाही, तुटला. त्या झटक्यांनी गाडी जॅकवर थोडी थोडी सरकत होती, हे आता कळतं. बोल्टला आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवायचा असतो, आणि तरी हलला नाही तर हट्ट सोडायचा असतो. खरं तर त्याच क्षणी हे काम घरचं उरलं नव्हतं.

आपाला आम्ही पूर्ण गोष्ट सांगितली नाही. ती काय समजायचं ते समजली.

मग गॅरेज. इथे माझा दुसरा राग सुरू होतो. पहिल्या ज्या गॅरेजात गेलो (नाव घेत नाही, आणि अशी गॅरेजं बरीच असतील) तिथल्या माणसाने गाडीखाली नजर टाकली आणि म्हणाला, तुटलेला बोल्ट काढतो, नवा डबा बसवतो, लेबर एक रुपया घेणार नाही. फक्त पुढचा 'कॅट' काढून त्या जागी साधा पाईप टाकतो. गाडी मोकळी होईल, पिकअप वाढेल, ॲव्हरेज वाढेल. भाचा खूश झाला. मी त्याला दंडाला धरून बाहेर आणलं.

'कॅट' म्हणजे कॅटलिटिक कन्व्हर्टर. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा अतिशय पातळ थर असतो. इंजिनातून आलेला कार्बन मोनॉक्साईड, अर्धवट जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साईडं या जाळीतून जाताना बऱ्याच अंशी निरुपद्रवी होतात. आपल्याकडे नव्या पेट्रोल गाड्यांना तो १९९५ मध्ये आधी चार महानगरांत सक्तीचा झाला. फुकट लेबरचं गणित सोपं आहे. ते धातू भंगारात काही हजारांना जातात. तुमच्या गाडीतली सगळ्यात महाग वस्तू काढून घ्यायची, तिच्या जागी दोनशेचा पाईप घालायचा आणि वर तुमच्याकडून शुक्रिया घ्यायचा. पिकअपचं म्हणाल, तर बाराशे सीसीच्या साध्या गाडीत नुसता मागचा डबा बदलून सांगण्यासारखी ताकद वाढत नाही. आवाज वाढला की गाडी पळतेय असं कानाला वाटतं, एवढंच. उलट कॅट गेला की त्याच्या मागचा सेन्सर बोंबलतो, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि मग तो दिवा फसवायला आणखी पैसे.

एक गोष्ट त्याहून वाईट. कार्बन मोनॉक्साईडला ना रंग ना वास. पुढचा जोड नीट बसला नाही आणि तिथून गळती सुरू झाली, तर तो वायू गाडीच्या बुडाखाली साठतो आणि फटींतून आत येतो. हिवाळ्यात काचा बंद, मागे मुलं झोपलेली. डोकं जड होतं, माणसाला वाटतं प्रवासाचा थकवा आहे. म्हणून सायलेन्सर कुणीही बसवो, घरी नाहीतर गॅरेजात, इंजिन चालू ठेवून प्रत्येक जोड तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये. नळीच्या तोंडावर जाड कापडाचा बोळा क्षणभर दाबला की फुसफुस कुठून येते ते लगेच कळतं. हे काम मोकळ्या हवेत करायचं, शटर पाडलेल्या गॅरेजात किंवा बंद पार्किंगमध्ये नाही. आणि पाईप नुकताच तापलेला असेल तर हात लावायचा नाही. कॅट काही शे अंशांवर काम करतो, तो चहा संपेपर्यंत गार होत नाही.

दुसऱ्या गॅरेजचा उस्ताद साठीचा. बोलायला रुक्ष. त्याच्याकडे लिफ्ट नव्हती, सिमेंटचा खड्डा होता. त्याने आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, कारण अंगाला बॅटरी जोडलेली असताना वेल्डिंग केलं तर गाडीचा कॉम्प्युटर जळू शकतो. मागचा डबा आणि पेट्रोलची टाकी यांच्यात किती अंतर आहे ते पाहिलं आणि वेल्डिंग करायचंच नाही असं ठरवलं. तुटलेला बोल्ट ड्रिल करून काढला, नवे दोन बोल्ट घातले, पॅकिंग नवं, लटकणारे रबर नवे. भाच्याचा चकचकीत डबा हातात घेऊन आरपार पाहिला, आणि त्यातून त्याला पलीकडची भिंत दिसली. "यह सायलेन्सर नहीं बेटा, पुंगी है," म्हणाला, आणि बाजूला ठेवला.

त्याने मूळ नमुन्याचाच, पण स्थानिक बनावटीचा डबा मागवून बसवला. सगळे मिळून साडेतीन हजार. जुना सडका डबा त्याने न मागता डिकीत ठेवून दिला. माझ्या लेखी चांगल्या गॅरेजची हीच खूण आहे. जो जुना पार्ट परत देतो, काम करताना तुम्हाला शेजारी उभं राहू देतो आणि काय केलं ते कागदावर लिहून देतो, त्याला लेबर द्यायला हात आखडू नये.

पण त्या खड्ड्यात उतरून प्रत्यक्ष ड्रिल चालवत होता तो उस्ताद नव्हता. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा होता, डोळ्यांवर काही नाही, हातात काही नाही, लोखंडाचा कीस थेट तोंडावर पडत होता. मी उस्तादला म्हटलं, चष्मा द्या त्याला. उस्ताद म्हणाला, दिला होता, घालत नाही. पोरगा हसला. हे मी कंपनीत शेकडो वेळा ऐकलेलं आहे. तिथे उत्तर सोपं होतं, चष्मा नाही तर काम नाही. इथे ते कोण म्हणणार? आपल्या समाजातली किती मुलं आठवी-नववीत शाळा सोडून अशा खड्ड्यांत उतरतात, हे या शहरात राहणाऱ्याला सांगायला नको. 'घरी धोका आहे, गॅरेजात करा' असं म्हणताना मी तो धोका संपवत नाही, माझ्या भाच्याच्या अंगावरून काढून दुसऱ्या कुणाच्या तरी भाच्याच्या अंगावर टाकतो, आणि त्याचे पंधराशे रुपये देतो. तरीही मी गॅरेजच म्हणेन. खड्डा जॅकसारखा घसरत नाही, आणि ज्याने हजार बोल्ट काढलेत त्याचा हात कमी चुकतो. पण पंधराशे देणाऱ्या गिऱ्हाइकाने 'आधी चष्मा घाल, मग माझ्या गाडीला हात लाव' एवढं म्हटलं पाहिजे. गिऱ्हाइकाचं ऐकतात.

आता त्या पुंगीबद्दल. गॅरेजातून परतताना भाचा गप्प होता. मग हळूच म्हणाला, मामू, आवाज मस्त होता तिचा. म्हणजे पंधराशे वाचवणं हे खरं कारण नव्हतं. मला रागही आला आणि हसूही. या वयात मीही राजदूतचा आवाज ऐकून मान वळवायचो.

पण आमच्या गल्लीत तिसऱ्या पाळीची माणसं राहतात. रात्रभर मशीनवर उभं राहून सकाळी आठला झोपतात. पत्र्याची घरं, खिडकीला पडदा, कानावर उशी. त्यांच्या दारावरून दुपारी एक बुलेट फटाके फोडत गेली की त्यांची झोप गेली, आणि झोप गेलेला माणूस रात्री पुन्हा प्रेस मशीनच्या पुढे उभा राहतो. प्रेस मशीन बोटं मागत नाही, घेते.

१ मे २०२२ ला आपल्याच शहरात भोंग्यांवरून सभा झाली आणि त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सगळ्यांना आठवत असेल. तोपर्यंत डेसिबल हा शब्द आपल्या चहाच्या टपऱ्यांवर कधी ऐकला नव्हता. मग सगळेच शिकले. वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५, दवाखाना-शाळेच्या शंभर मीटरच्या आत त्याहून कमी. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा नाही. राज्यात अनेक मशिदींनी आवाज खाली आणला, कित्येकांनी पहाटेच्या अजानला भोंगा लावणंच सोडलं. ते दडपणाखाली झालं आणि त्याची सल अनेकांच्या मनात आहे, माझ्याही आहे. पण जी मोजपट्टी आपल्याला लावली गेली, ती आपल्या पोरांच्या गाड्यांना लावायला आपण का कचरतो? फजरची अजान कमी आवाजात होते आणि इशाच्या नमाजनंतर त्याच मशिदीच्या कोपऱ्यावरून फाटक्या सायलेन्सरच्या दोन गाड्या शर्यत लावतात. शेजाऱ्याला आपल्यापासून त्रास होऊ नये, हे आपण जुम्याच्या बयानात किती वेळा ऐकलंय. तो शेजारी सायलेन्सरच्या बाबतीत कुठे जातो? मिरवणुकीतले डीजे, लग्नातले फटाके, हे सगळे करतात, सगळ्या धर्मांचे करतात. म्हणून आपली पुंगी गोड होत नाही.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. कारखान्यातून निघताना छोट्या प्रवासी गाडीच्या आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे, साडेसात मीटरवरून मोजलेली. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलींना ८०. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट झाली, त्यामुळे ८० आणि ९० यांतला फरक कागदावर दिसतो तितका किरकोळ नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज आणि प्रदूषणाच्या नियमभंगासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड कायद्यात लिहिलेला आहे. गाडीत बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकासाठी वेगळं कलम आहे. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की निर्मात्याच्या मूळ रचनेला सोडून गाडीत बदल करता येत नाही. मूळ नमुन्याचा सायलेन्सर बाहेरून आणून बसवणं वेगळं, आणि पुंगी लावणं वेगळं. अपघात झाला आणि खाली पुंगी निघाली, तर विमा कंपनीला भांडायला एक कारण मिळतं, हेही लक्षात ठेवावं.

अंमलबजावणी मात्र फोटोपुरती. राज्यातल्या अनेक शहरांत पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडतात, वरून रोलर फिरवतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. मला तो फोटो पाहून समाधान होत नाही. चिरडलेल्या प्रत्येक सायलेन्सरच्या मागे तो बनवणारा, विकणारा आणि बसवणारा आहे. कधीमधी एखाद्या दुकानावर कारवाई होतेही, पण बहुतेक वेळा दंड भरतो तो वीस वर्षांचा पोरगा, आणि दुकानदार पुढच्या आठवड्यात त्यालाच दुसरी पुंगी विकतो. फुकटात कॅट काढून घेणाऱ्याकडे तर कुणी बघतही नाही, कारण कॅट नसलेली गाडी रस्त्यावर फोटोसारखी दिसत नाही.

भाच्याने नंतर दोन लोखंडी घोडे विकत आणले. ऑईल बदलणं, रबर बदलणं असली कामं तो आता अंगणात करतो, चाकाला दगड लावून, स्टेपनी खाली सरकवून, आणि आपा ओट्यावर बसून पाहत असते. तो साडेचार हजारांचा डबा परत घ्यायला कंपनीने नकार दिला. गच्चीवर पडून आहे. आत चिमण्या घरटं करायला लागल्या म्हणून आपाने त्याच्या तोंडात जुनं कापड कोंबलंय.